फिलोमेना आणि लक्ष्मीबाई : एका न लिहिलेल्या स्मृतिचित्राविषयी

मराठी ख्रिस्ती साहित्याचा भाग आपण वर्गात शिकवतो, त्याचा साचा आता ठरून गेला आहे. १६१६ साली रायतूरला छापलेले फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण'. मग सव्वादोनशे वर्षांची एक लांब उडी. १८४२ चा 'ज्ञानोदय', १८५७ चे बाबा पद्मनजींचे 'यमुनापर्यटन'. पुढे रेव्हरंड टिळक आणि शेवटी, सर्वांचे लाडके पुस्तक म्हणून, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. ही यादी इतक्या वेळा उच्चारली जाते की तिच्यातली एक विसंगती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. यादीतले पहिले नाव कॅथलिक आहे आणि उरलेली सारी प्रॉटेस्टंट. वसई, साष्टी, मुंबई, गोवा या पट्ट्यात चारशे-साडेचारशे वर्षे राहिलेला, संख्येने मोठा आणि भाषेने बहुतांशी आपल्याच कुळातला कॅथलिक समाज स्टीफन्सनंतर या यादीतून जणू उठून जातो. त्या समाजातली बाई तर यादीत आलेलीच नाही.

बाई आली नाही म्हणजे ती नव्हती असे नव्हे. उलट कॅथलिक घराची ओळख ज्यांना थोडीशी जरी आहे, त्यांना ठाऊक असते की त्या घराचा कणा म्हणजे घरातली म्हातारी. संध्याकाळच्या प्रार्थनेला सर्वांना गुडघ्यांवर आणणारी, कोणाचे लग्न कोणाशी व्हावे हे ठरवणारी, शेताची राखण, कर्जाचे हप्ते, मुलांची शाळा आणि मृतांसाठीची मिस्सा हे सगळे एकाच डोक्यात ठेवणारी. मराठीत तिला 'कर्ती बाई' म्हणतात. अशा एका कर्त्या बाईचे सविस्तर चरित्र आपल्या शेजारच्या भूमीतून आले, ते २०१३ साली आणि इंग्रजीतून. मारिया आवरोरा कुतो यांचे 'फिलोमेनाज जर्नीज' हे ते पुस्तक. फिलोमेना ही लेखिकेची आई. कुतो (१९३७–२०२२) यांचे 'गोवा : अ डॉटर्स स्टोरी' हे २००४ चे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल, त्यात गोव्याचा इतिहास पुढे आणि घर मागे होते. नऊ वर्षांनी आलेल्या या दुसऱ्या पुस्तकात क्रम उलटला. घर पुढे आले.

फिलोमेना बोर्जिस साष्टीतल्या राय गावची. राय आणि रायतूर यांच्यात अंतर फारसे नाही. म्हणजे ज्या परिसरात १६१० पासून जेझुइटांचे विद्यालय उभे होते आणि जिथे 'क्रिस्तपुराणा'चे पहिले फर्मे छापले गेले, त्याच भातशेतीच्या कडेला ही मुलगी वाढली. योगायोगाला मी फार महत्त्व देत नाही, पण मराठीच्या अध्यापकाने या भूगोलाकडे दुर्लक्ष करू नये. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेली ही मुलगी शेतीवाडी, नातेवाईक आणि चर्चची घंटा यांच्या शिस्तीत मोठी झाली. लग्न झाले ते मडगावच्या एका प्रतिष्ठित घराण्यात, फिगरेदो यांच्याकडे. नवरा, ज्याला सगळे शिकू म्हणत, संगीतात रमणारा, देखण्या वागण्याचा, पोर्तुगीज रीतीभातीत मुरलेला, आणि स्वतःची वाट कधीच न सापडलेला माणूस होता. पुढे दारूने त्याला पोखरले.

मडगावचे ते घर आणि रायचे हे घर यांत जे अंतर होते, ते समजून घेतल्याशिवाय फिलोमेना कळत नाही. मडगावच्या उच्चभ्रू कॅथलिक कुटुंबांतून दिवाणखान्याची भाषा पोर्तुगीज आणि स्वयंपाकघराची, शेताची भाषा कोकणी अशी विभागणी होती. पियानो, व्हायोलिन, लिस्बनहून येणाऱ्या बातम्या, मुलाने डॉक्टर नाहीतर वकील व्हावे ही अपेक्षा एका बाजूला; दुसऱ्या बाजूला भाताची मळणी, नारळाचा पाडा, मुंडकारांचे हिशेब. पोर्तुगालमधले सालाझारचे राज्य, महायुद्धाने आटलेला पैसा आणि वर्षानुवर्षे न कमावता खाणारी घराणी यांमुळे विसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात ते दिवाणखाने आतून रिकामे होऊ लागले होते. शिकूसारखे पुरुष ही त्या ऱ्हासाची किंमत होती. पण ती चुकती केली त्यांच्या बायकांनी.

१९४० च्या दशकात हे कुटुंब सात मुलांसह धारवाडला आले. एका ओळीत सांगून टाकावी अशी ही गोष्ट नाही. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. म्हणजे गोव्यातून तिथे येणे हे परदेशात येणेच होते. मुरगावहून निघणारी मीटरगेज गाडी कुळे, कॅसलरॉक, लोंढा असा घाट चढत ब्रिटिश हद्दीत शिरे. दोन्ही बाजूंना जकातीची तपासणी असे. एका टोकाला पोर्तुगीज, दुसऱ्या टोकाला इंग्रजी. बाजारात कन्नड आणि मराठी. ज्या शहरात कवी बेंद्रे घरी मराठी बोलत आणि कविता कन्नडमध्ये लिहीत, त्या शहरात भाषांच्या सरमिसळीचे कोणाला नवल नव्हते. पण साष्टीहून आलेल्या बाईला ती नव्याने शिकावी लागली असणार. निवडीचे कारण साधे होते. धारवाडला चांगल्या शाळा होत्या, कॉलेज होते, आणि इंग्रजी शिक्षणाशिवाय मुलांना भविष्य नाही हे ओळखण्याइतकी फिलोमेना व्यवहारी होती. शिकूला ते शहर मानवले नाही. तो गोव्याला परतला. ती परतली नाही.

सात मुले, परके शहर, आणि उत्पन्न म्हणजे सरहद्दीपलीकडची रायची जमीन. यानंतरची फिलोमेनाची वर्षे ही मला मराठी वाचकाने मुद्दाम वाचावी अशी वाटतात, कारण त्यात आपल्याला परिचित असलेली 'सोसणारी आई' नाही. ती सोसते, पण हिशेब ठेवून सोसते. श्रद्धा तिच्याकडे आहे आणि ती पोटतिडकीची आहे. रोजचा तेर्स, म्हणजे जपमाळेची सामूहिक प्रार्थना, चुकत नाही. परंतु श्रद्धा हा तिच्या दुःखावरचा लेप नाही, ती तिच्या दिवसाची रचना आहे. गोव्यातल्या कॅथलिक घराचे वर्ष कसे चालते ते पाहिले म्हणजे हे लक्षात येते. उपवासकाळ, पवित्र आठवडा, पावसाळ्याच्या तोंडचा सांज्वांव, शेतातल्या पहिल्या कणसांचा आशीर्वाद, नोव्हेंबरात मृतांचे स्मरण, डिसेंबरात एका घरातून दुसऱ्या घरी मिरवत जाणारी सायबीण, मग नाताळ. प्रत्येक टप्प्याला करायचे पदार्थ, म्हणायच्या प्रार्थना, बोलवायची माणसे ठरलेली. हे पंचांग कोणत्याही पुरुषाला पाठ नसते. घर धारवाडला नेले तरी पंचांग बरोबर नेता येते. किंबहुना तेवढेच नेता येते.

येथे एका रूक्ष वाटणाऱ्या विषयाकडे वळायला हवे. कॅथलिक कर्त्या बाईच्या अधिकाराचा उगम केवळ मायेत किंवा धर्मात शोधणे हा भाबडेपणा ठरेल. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला. त्यातील सर्वसाधारण नियमानुसार लग्नाबरोबर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते आणि निम्म्यावर बायकोचा हक्क असतो. मुलींना मुलांच्या बरोबरीने वारसा मिळतो. आणि घरदार विकायचे तर बायकोची सही लागते. कारभार नवऱ्याकडेच, ही मेख त्या कायद्यात होतीच, आणि गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदादच्या, सभासदत्वातून व झोण या वार्षिक वाट्यातून बायका वगळलेल्याच होत्या. तरीसुद्धा 'निम्मे तिचे' हे तत्त्व एखाद्या बाईच्या पाठीशी उभे राहते तेव्हा घराचे चित्र बदलते. हिंदू वारसा कायदा आपल्याकडे १९५६ ला आला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मसिद्ध हक्क मिळायला २००५ उजाडावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे रायच्या शेतावर मुले शिकवणाऱ्या बाईचा आत्मविश्वास कुठून येतो ते कळते. नवरा गेला तरी शेत राहिले. लक्ष्मीबाईंजवळ हे काही नव्हते.

लक्ष्मीबाईंचा उल्लेख मी वारंवार करणार आहे, आणि तो केवळ दोघी ख्रिस्ती म्हणून नव्हे. दोघींच्या आयुष्याचा मधला पेच विलक्षण सारखा आहे. दोघींचे नवरे गुणी, लहरी, संसाराच्या जोखडात न मावणारे. नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले आणि पत्नीला ती गोष्ट नंतर कळली. पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर, १९०० मध्ये, लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून तीच वाट धरली. त्यांचा नवरा धर्माच्या ओढीने दूर गेला, फिलोमेनाचा व्यसनाच्या आणि हताशेच्या ओढीने. लक्ष्मीबाईंना धर्म बदलावा लागला आणि त्या बदलातून त्यांना स्वतःचा आवाज सापडला. फिलोमेनाला धर्म तोच ठेवून देश, भाषा आणि शहर बदलावे लागले. एकीने सोवळे टाकले, दुसरीने जपमाळ घट्ट धरली. घर दोघींनीही वाचवले.

मग एकीचे पुस्तक तिनेच लिहिले आणि दुसरीचे तिच्या मुलीने, असे का व्हावे? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर दोन स्त्रियांच्या स्वभावात नाही. ते दोन धर्मपंथांच्या अक्षराशी असलेल्या नात्यात आहे. अमेरिकन मराठी मिशन असो की स्कॉटिश, प्रॉटेस्टंट मिशनांना बायबल वाचता येणे हाच धर्माचा दरवाजा वाटत होता. त्यामुळे शाळा, छापखाना आणि नियतकालिक ही त्यांची पहिली कामे. ख्रिस्ती झालेली बाई वाचायला शिके, साक्ष द्यायला उभी राही, आपला अनुभव 'मी' म्हणून सांगायला लागे. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी पुस्तकरूपात आली, त्यामागे लक्ष्मीबाईंची असामान्य प्रतिभा आहे हे निर्विवाद. पण त्या प्रतिभेला 'मी कोण होते आणि कशी बदलले' हे सांगण्याचा एक घडवलेला प्रघात आयता मिळाला होता.

कॅथलिक बाईचा धर्म वाचण्याचा नव्हता, म्हणण्याचा होता. मिस्सा लॅटिनमध्ये, आणि ती तशीच राहिली ती १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेच्या सुधारणेचा दस्तऐवज संमत करीपर्यंत. लोकभाषेतला धर्म होता तो चर्चच्या बाहेर: घरातल्या वेदीपुढे, क्रुसापुढे, स्वयंपाकघरात. प्रार्थना पाठ, लादाइन पाठ, संतांच्या कथा पाठ. आणि 'मी' सांगायची जागा म्हणजे पापनिवेदनाची खिडकी. तिथे सांगितलेले बाहेर येत नाही, हा तर त्या संस्काराचा पाया. ज्या परंपरेत स्वतःविषयीचे सर्वांत खरे बोलणे हे गुप्त राखण्यासाठीच असते, तिथे आत्मचरित्र उशिरा जन्मावे यात नवल नाही. (हे माझे अनुमान आहे, सहकाऱ्यांनी त्याचा प्रतिवाद जरूर करावा.)

खरे तर सुरुवात अशी नव्हती. स्टीफन्सने 'क्रिस्तपुराण' रचले तेच मुळी नवख्रिस्ती लोकांना आपल्या जुन्या पुराणांची उणीव भासत होती म्हणून. १५७९ मध्ये गोव्यात पोचलेल्या या इंग्रज जेझुइटाने ओवी निवडली, आणि रविवारी व सणाच्या दिवशी ती ओवी लोकांसमोर वाचली जाऊ लागली. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. एतिएन द ला क्रुवाने संत पीटरवर, आंतोनियो द साल्दान्याने संत अंतोनीवर लिहिले. मराठीचा हा एक स्वतंत्र प्रवाह होऊ शकला असता. पण १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. हुकूम शब्दशः कधीच अमलात आला नाही, येणार कसा? पण छापखान्याचा आणि पाद्र्यांचा देशी भाषेतला उत्साह मात्र विझला. त्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज शिल्लक नाही. जे उरले ते हस्तलिखितांत आणि तोंडी. म्हणजे बायकांच्या तोंडी.

याचा भरभक्कम पुरावा, गंमत अशी की, त्यांच्या विरोधकांनीच ठेवला आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने १४ एप्रिल १७३६ रोजी एक लांबलचक मनाईपत्र काढले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ च्या आपल्या इन्क्विझिशनवरील ग्रंथात ते दिले आहे आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने ते कायद्याचा मजकूर म्हणून नव्हे, तर लोकसंस्कृतीचा कोश म्हणून वाचावे असे मला वाटते. लग्नात ओव्या गाऊ नयेत, वधूवरांना हळद किंवा नारळाचा रस चोळू नये, विड्याची पाने-फुले पाठवू नयेत, दारी तुळस ठेवू नये, एकादशीला उपास करू नये, अळणी भात शिजवू नये, देशी चोळी घालू नये. धर्मांतराला पावणेदोनशे वर्षे उलटल्यानंतर हे सारे घरोघर चालू होते, एवढाच याचा अर्थ. यातले एकही काम पुरुषांचे नाही. न्यायपीठाचा खरा प्रतिपक्ष म्हणजे हातात हळदीची वाटी घेतलेली म्हातारी होती, आणि ती हरली असे म्हणता येत नाही: गोव्यातल्या कॅथलिक लग्नात नारळाच्या रसाचा 'रोस' आजही होतो.

'क्रिस्तपुराणा'च्या शेजारच्या गावची फिलोमेना याच परंपरेतली, परंतु तिच्या वर्गाने पुढे पोर्तुगीज आपलीशी केली होती. तिची मुलगी इंग्रजीत वाढली. तीन पिढ्यांत तीन भाषा. आणि आजीच्या भाषेतले घर नातीच्या भाषेत पोचेपर्यंत त्यातली किती वाक्ये गळून पडली असतील? कुतो यांनी या अडचणीवर काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. त्या पुस्तकभर आईला नावाने संबोधतात, वडिलांनाही. मुलीने आईविषयी लिहिताना घेतलेले हे अंतर प्रथम खटकते. मराठी वाचकाला तर फारच, कारण आपल्याकडे 'आई' हा शब्द उच्चारला की चिकित्सा थांबते. पण या अंतरामुळेच वडिलांच्या व्यसनाविषयी कडवटपणाशिवाय आणि आईच्या करारीपणाविषयी आरतीशिवाय लिहिणे त्यांना शक्य झाले आहे. एक उणीव मात्र जाणवते. लक्ष्मीबाईंच्या पानापानावर जो विनोद आहे, वडिलांच्या सोवळ्याच्या वेडावरही हसू शकणारा, तो येथे नाही. स्वतःवर हसण्याचा अधिकार 'मी'लाच असतो. 'ती'वर हसायला मुलगी धजत नाही. फिलोमेनाने स्वतः सांगितले असते तर शिकूचे काही किस्से नक्कीच वेगळ्या सुरात आले असते.

हे पुस्तक मी उल्हासनगरात वाचले आणि येथल्या वर्गात त्याविषयी बोललो, याचाही माझ्या वाचनावर परिणाम झाला असणार. महायुद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून ठेवले गेले आणि १९४९ मध्ये कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले. सरहद्दीपलीकडची जमीन, इकडे नवी भाषा, मुलांच्या शाळेवर लावलेली सगळी पुंजी, आणि घरात प्रार्थना व पाककृती यांच्या रूपाने जुना गाव जिवंत ठेवणारी आजी: हे येथल्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. फिलोमेना धारवाडला आली त्याच दशकात त्यांच्या पणज्या या बराकींत उतरल्या. सिंधीला आठव्या अनुसूचीत जागा मिळाली १९६७ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही ती भाषा सांभाळण्याचे काम ज्यांनी केले, त्यांच्यापैकी बहुतेकींनी ती कधी कागदावर लिहिली नसेल. ही तुलना फार ताणू नये हे मला समजते. एकीने स्थलांतर निवडले, दुसऱ्यांवर ते कोसळले.

पण उल्हासनगरहून दुसरीही एक वाट निघते, आणि ती मला अधिक अस्वस्थ करते. ज्या नदीचे नाव आमच्या शहराला मिळाले ती उल्हास नदी बदलापूर, कल्याण ओलांडून पुढे वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. तिच्या उगमाकडच्या बाजूला आम्ही मराठी साहित्याचा इतिहास शिकवतो. मुखाशी साडेचार शतकांचा मराठी बोलणारा कॅथलिक समाज आहे, आणि तो त्या इतिहासात नाही.

वसईच्या किल्ल्यातल्या जेझुइट चर्चच्या अवशेषांत इझाबेल द आगियार हिची शिळा आहे. ती विधवा होती, १५९१ च्या जानेवारीत वारली, आणि तेथील विद्यालयाची थोर उपकारकर्ती असा तिचा उल्लेख त्या शिळेवर आहे. मुंबईचे बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले तो करार १८ फेब्रुवारी १६६५ रोजी झाला, तो दोना इग्नेझ द मिरांदा हिच्या वाड्यात. तीही विधवा, आणि बेटाची मालकीण. म्हणजे कर्त्या कॅथलिक बायका इतिहासाला अगदीच अपरिचित नाहीत. त्या पोर्तुगीज आणि धनवान असतील तर त्यांना शिळा मिळते, दस्तात नाव मिळते. त्याच गावात भातलावणी करणाऱ्या, केळीची बाग राखणाऱ्या, कादोडी किंवा वाडवळी बोलणाऱ्या बाईला मिळते ती चर्चच्या नोंदवहीतली ओळ: बाप्तिस्मा, लग्न, दफन.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. आपल्या इतिहासलेखनात ही मोहीम तोफा, सुरुंग आणि तहाच्या कलमांनी भरलेली असते, आणि ते योग्यच आहे. मात्र त्या दिवसानंतर गोरे पाद्री आणि जमीनदार निघून गेल्यावर मागे राहिलेल्या ख्रिस्ती घरांचे काय झाले, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. धर्म टिकला. १७६० च्या सुमारास साष्टी बेटातून गेलेल्या आंकेतिल द्यु पेराँ या फ्रेंच अभ्यासकाला मराठी अंमलाखाली येथली चर्च गजबजलेली दिसली. थोडे देशी पाद्री आणि पुष्कळ आज्या, असा या टिकण्याचा हिशेब मी मांडतो. त्यांच्या मदतीला एक पुस्तकही होते. फ्रान्सिस्कु वाझ द गिमराँइश या फ्रान्सिस्कन पाद्र्याने १६५९ मध्ये प्रसिद्ध केलेले ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे पुराण. स्टीफन्सची भाषा ग्रंथिक, संतपरंपरेत घोळलेली; गिमराँइशची उत्तर कोकणच्या बोलीच्या जवळची. विद्वानांनी त्याला कमी लेखले, पण उपवासकाळात ते घरोघर म्हटले जाई आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापावे लागले. ज्या पुस्तकाला दोनशे वर्षे श्रोते मिळतात ते आपल्या अभ्यासक्रमात तळटीपेपुरतेही नसावे, हे मला पटत नाही.

आणखी एक शब्द पाहा. वांद्र्याच्या डोंगरावरची मरिया ही 'मोत माउली'. 'मोत' हे पोर्तुगीज 'मोंत', म्हणजे डोंगर, याचे घरगुती रूप. 'माउली' कोणाची ते मराठीच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. हा जोडशब्द कोणा पंडिताने घडवलेला नाही. तो नवस बोलणाऱ्या बायकांच्या तोंडी झिजून असा गुळगुळीत झाला. १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी नगर जिल्ह्यातल्या केंदळला 'निरोप्या' सुरू केला आणि मराठी कॅथलिकांना नियतकालिक मिळाले. वसईत पुढे 'सुवार्ता' आले, आणि त्याच्या संपादकपदावरून फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत पोचले. हा प्रवास मोठा आहे. पण तो पुन्हा पाद्र्यांचा प्रवास आहे. सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारखी कवयित्री येते तेव्हा त्या घरातली बाई प्रथमच स्वतःच्या सहीनिशी मराठीत बोलते. तिच्या आजीची गोष्ट मात्र 'स्मृतिचित्रां'च्या शेजारी ठेवता येईल अशा पुस्तकाच्या रूपात आपल्या वर्गात अजून यायची आहे.

फिलोमेनाच्या पुस्तकाविषयीचा माझा शेवटचा आक्षेपही इथेच बसतो. रायच्या जमिनीवर सात मुले शिकली. ती जमीन कसणारे हात कोणाचे होते? भाटकार आणि मुंडकार, कॅथलिक बामण आणि कुणबी, ही उतरंड धर्मांतराने मोडली नाही. १९६४ चा कूळकायदा, १९७५ चा मुंडकार कायदा येईपर्यंत तिला कोणी हातही लावला नाही. कुतो यांना याची जाणीव आहे, त्या हे लपवत नाहीत. पण पुस्तक घराचे आहे आणि घराच्या खिडकीतून शेत जेवढे दिसते तेवढेच त्यात येते. बांधावरून भाताचे भारे वाहणारी कुणबी कॅथलिक बाईही आपल्या घरची कर्तीच होती; तीही संध्याकाळी तेर्स म्हणत होती, तोच, त्याच कोकणीत. दिवाणखान्याची भाषा पोर्तुगीजवरून इंग्रजीवर गेली तरी तिची भाषा तिथेच राहिली, आणि वसईतल्या तिच्या बहिणीची मराठीही.

वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला. तेथील जुन्या घरांतून उपवासकाळातली ती दीर्घ गाणी पाठ असलेल्या बायका आता ऐंशी-नव्वदीच्या पुढे आहेत. आमच्या वर्गातल्या दोघीजणींच्या आज्या त्यांपैकी आहेत, आणि ध्वनिमुद्रणाचे यंत्र आता प्रत्येकाच्या खिशात असते. यंदा प्रकल्पाच्या विषयांत मी 'स्मृतिचित्रांतील विनोद' हा विषय ठेवला नाही.